कुरसुरा पाणबुडी कशी पाहावी? एका इंजिनवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुढच्या महिन्यात तुम्ही कुटुंबासह विशाखापट्टणमला जाताय. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आहे आणि गुडघे दुखणारे वडील. रामकृष्ण बीचवरची आयएनएस कुरसुरा पाहायची इच्छा आहे, पण जाऊन आलेला मित्र म्हणतो, "वीस मिनिटांत संपते, आत नुसते पाइप आणि चाकं आहेत." तर जावं का, आणि गेलं तर आतली माणसं कशी राहत होती हे खरंच कळतं का?

मित्राचं चूक नाही. सरळ चालत गेलात तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला वीस मिनिटंही लागत नाहीत, आणि नजर जाईल तिथे पाइपच दिसतात. पण अडचण वेळेची नाही. आज ती पाणबुडी वाळूवर, काँक्रीटच्या आधारावर उभी आहे. आत दिवे आहेत, दारं उघडी आहेत, कसला आवाज नाही, वास नाही. आम्ही जिथे राहायचो त्या जागेतून आवाज, वास, उकाडा आणि पंचाहत्तर माणसं काढून घेतली की जे उरतं ते तुमच्या मित्राला दिसलं. काढून घेतलेलं परत कसं भरायचं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे असं मला वाटतं.

मी नौदलात आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारा तांत्रिक खलाशी होतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत इंजिनाचं शिक्षण झालं, मग विशाखापट्टणमलाच आयएनएस सातवाहन इथे पाणबुडीचं. (आपल्या पैठणच्या राजघराण्याचं नाव त्या प्रशिक्षण केंद्राला आहे, हे तिथे गेल्यावर कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.) पुढची बरीच वर्षं सोव्हिएत बनावटीच्या फॉक्सट्रॉट पाणबुड्यांवर डिझेल इंजिनं सांभाळली. कुरसुरा त्याच जातीची. तिच्यावर माझी नेमणूक कधी नव्हती, पण या सगळ्या सख्ख्या बहिणी. शिकताना आम्हाला डोळ्यांवर पट्टी बांधून व्हॉल्व्ह शोधायला लावायचे. आजही कुरसुरात शिरलो की हात आपोआप त्या जागी जातो. निवृत्तीनंतर नातेवाईक, गावची मंडळी, शाळेची मुलं अशा बऱ्याच जणांना मी ती दाखवली आहे.

पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी पाऊण तास इंजिनांबद्दल बोललो. तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकाची ताकद दोन हजार अश्वशक्ती, तीन विजेच्या मोटारी, बोट पुढे ढकलणारे तीन पंखे (प्रोपेलर). सगळे माना डोलवत होते. बाहेर आल्यावर माझ्या आत्यानं एवढंच विचारलं, "अरे, पण ही पोरं जेवायची कुठं? आणि झोपायची कुठं?" त्या दिवसापासून मी दाखवण्याची रीत बदलली. आधी घर दाखवायचं, मग यंत्र. यंत्र समजायलाही तीच वाट सोपी पडते, कारण पाणबुडीत माणसाला उरलेली प्रत्येक जागा यंत्रानं नको म्हणून सोडलेली असते.

थोडी ओळख आधी करून घ्या. लांबी ९१ मीटरच्या आसपास, रुंदी साडेसात मीटर. हे बाहेरचं माप. आतलं मजबूत कवच त्याहून अरुंद, आणि त्यातही दोन्ही बाजूंना यंत्रं. १८ डिसेंबर १९६९ ला ती तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या रीगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. तिच्या तीन बहिणींची नावं कलवरी, खंदेरी आणि करंज. मुलाला खंदेरीचं नाव नक्की सांगा. थळच्या समोरचा, महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला तोच खंदेरी किल्ला. पुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या पाणबुड्यांनाही कलवरी, खंदेरी, करंज हीच नावं दिली आहेत. जुनी बोट निवृत्त होते, नाव पुन्हा समुद्रावर जातं.

आता आत. पाणबुडीचे सात कप्पे आहेत, आम्ही कंपार्टमेंट म्हणायचो. पहिला नाकाकडचा, सातवा शेपटीकडचा. जिथे टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणारं स्फोटक) सोडायच्या सहा नळ्या दिसतील ते नाक, जिथे चार दिसतील ती शेपूट, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. पहिल्या कप्प्यात त्या सहा नळ्यांच्या पितळी तोंडांपुढे मुलगा थांबेलच, त्याला थांबू द्या. पण मग त्याला मागे वळून बाजूच्या फळ्या दाखवा. सगळे मिळून बावीस टॉर्पेडो नेता यायचे. दहा नळ्यांत आणि बाकीचे इथे मांडणीवर. एकेक सात मीटरहून लांब, ५३३ मिलिमीटर जाडीचा. त्यांच्याच शेजारी माणसं झोपायची. नवीन पोराला पहिल्या रात्री झोप लागायची नाही. आठवड्याभरानं तो टॉर्पेडोवर टॉवेल वाळत घालायचा.

दुसऱ्या कप्प्यात अधिकाऱ्यांची जागा आहे, आणि कप्तानाची खोली. तिथे सगळे म्हणतात, "एवढीशी?" हो, एवढीशी, आणि संपूर्ण बोटीवर दार बंद करून एकटं बसता येईल अशी तेवढीच जागा. पण तिथे पायाखाली बघा. तुम्ही ज्या जमिनीवर उभे असता तिच्याखाली बॅटरी आहे. या जातीच्या पाणबुडीत ४४८ सेल असतात, निम्मे दुसऱ्या कप्प्याखाली, निम्मे चौथ्याखाली. पाण्याखाली बोट चालते ती यांच्यावर. चार्जिंग करताना त्यांतून हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन साठला तर एक ठिणगी पुरते. त्यामुळे झोपायची, जेवायची जागा आणि सगळ्यात धोक्याची जागा यांच्यामध्ये एका जमिनीच्या पत्र्याचं अंतर. ठरावीक वेळानं हायड्रोजन मोजणारा माणूस फिरायचा आणि आकडा नियंत्रण कक्षाला कळवायचा. झोपेतही तो आकडा ऐकू यायचा आणि नेहमीसारखा असला की पुन्हा डोळा लागायचा.

तिसरा कप्पा नियंत्रण कक्ष. पेरिस्कोप, सुकाणू, पाणी आत घेण्याची आणि हवेनं ते बाहेर ढकलण्याची चाकं, सगळं इथे. गाइड इथे सगळ्यात जास्त बोलतात आणि गर्दीही इथेच अडते, म्हणून मी फार लिहीत नाही. एकच सांगतो. रात्री पेरिस्कोप पाण्याबाहेर काढता येईल इतकं वर यायच्या आधी इथे लाल दिवे लागायचे, म्हणजे डोळे अंधाराला तयार राहावेत. बाकी दिवस-रात्र आम्हाला कळायची ती घड्याळावरून आणि ताटावरून. पोहे आले म्हणजे सकाळ.

चौथ्या कप्प्यात स्वयंपाकघर, आमच्या भाषेत गॅली. इथे कृपा करून पाच मिनिटं द्या. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली की भरते एवढी ती जागा. यातून पंचाहत्तर जणांचं तीन वेळचं जेवण निघायचं, विजेच्या शेगडीवर, आणि बोट डुलत असताना. पाण्याखाली असलो की फोडणी नाही. मोहरी तडतडली की धूर होतो, आणि तो धूर जाणार कुठे? सगळ्यांनी दिवसभर तीच हवा ओढायची असते. त्यामुळे जेवण उकडलेलं, साधं. पहिले काही दिवस ताजी भाजी, फळं, मग बटाटे-कांदे, मग डबे. निघताना धान्याची पोती, डबे जिथे फट मिळेल तिथे कोंबलेले असायचे. वाटेत पोती अंथरून त्यांच्यावरून चालायचो, आणि जसजसं खात जाऊ तसतशी वाट खाली जायची. घरी परतल्यावर लसणाची फोडणी कानावर पडली की मी नुसता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो.

पाण्याचं तसंच. पिण्याचं गोडं पाणी मोजून, आणि अंघोळ जवळजवळ नाहीच. महिन्याच्या गस्तीत अंग पुसून घेतलं तरी मोठी गोष्ट. धुणं नसल्यामुळे कपडे काही दिवस घालून टाकून द्यायचे. संडास सगळ्या बोटीत दोन-तीन, आणि ते वापरणं हेही एक शिकण्याचं काम. बाहेर समुद्राचा दाब असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमानंच उघडायचे आणि बाहेर ढकलण्याआधी नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची, कारण बुडबुडे आणि आवाज दोन्ही शत्रूला सुगावा देऊ शकतात. संग्रहालयात लोक संडासापाशी हसून पुढे जातात. मी मुलांना तिथे थांबवतो आणि ही परवानगीची गोष्ट सांगतो. शाळेत बाथरूमला जायला हात वर करणारी पोरं ती बरोबर समजतात.

पाचवा कप्पा माझा. तीन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी, मधून एक माणूस जेमतेम जाईल अशी वाट. इथे तुम्ही गेलात की मुलाला सांगा, दोन्ही कान हातांनी दाबून धर आणि कल्पना कर की हात काढताच येणार नाहीत. इंजिनं चालू असताना इथे बोलणं नाही, सगळं हातांच्या खुणांनी. उष्णता चाळीस अंशांच्या वर. डिझेलला हवा लागते, म्हणून बोट पाण्याखाली असताना इंजिनं चालवायची तर तेवढंच वर, पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यातून हवा ओढायची. याला आम्ही स्नॉर्टिंग म्हणायचो. बहुतेक रात्रीच, आणि तेवढ्या वेळात बॅटरी भरून घ्यायची. आता समुद्र खवळलेला असला की लाट नळीच्या तोंडावरून जाते. पाणी आत येऊ नये म्हणून तोंडावरची झडप धाडकन बंद होते. पण इंजिनं थांबत नाहीत, ती बोटीच्या आतलीच हवा ओढतात. कानात दडे बसतात, लाट गेली की झडप उघडते आणि दडे सुटतात. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात हे रात्रभर. झोपलेल्या माणसाच्याही कानात.

आणि डिझेलचा वास. तो कपड्यांत नाही, कातडीत मुरतो. गस्तीवरून क्वार्टरमध्ये आलो की बायको माझी पिशवी दोन दिवस बाल्कनीतच ठेवायची. मुलगी वर्षाची होती तेव्हा माझ्याकडे यायला तयार नसायची. तिला माझा चेहरा ओळखीचा वाटायचा, वास नाही. तीन-चार अंघोळींनंतर ती मांडीवर बसायची. तुम्ही आज कुरसुराच्या इंजिनापाशी उभे राहाल तेव्हा तिथे रंगाचा वास येईल. त्या जागी डिझेल, घाम, बॅटरीचं आम्ल आणि उकडलेला कोबी एकत्र धरा.

सहाव्यात विजेच्या मोटारी, म्हणजे पाण्याखालची शांतता तिथून सुरू होते. सातव्यात चार नळ्या आणि त्यांच्या मध्ये, बाजूला, वर-खाली बंक, म्हणजे झोपायच्या अरुंद फळ्या. खलाशांपैकी बरेचसे इथे झोपायचे. माणसांपेक्षा बंक कमी असले की एक वॉचवरून (कामाच्या पाळीवरून) उठून आला की दुसऱ्यानं सोडलेल्या, अजून गरम असलेल्या गादीवर आडवा होतो. चार तास काम, आठ तास सुट्टी, असा फेरा. सुट्टीत झोप, खाणं, दुरुस्ती, अभ्यास सगळं आलं. बंकवर कूस बदलायची तर आधी बाहेर सरकावं लागतं. संग्रहालयात ज्या बंकपाशी जाता येत असेल तिथे त्याची उंची हातानं मोजा. वितीनं मोजली तरी चालेल.

एक प्रयोग आम्ही नवीन मुलांना दाखवायचो, तुमच्या मुलाला घरी आधी सांगून ठेवा. कप्प्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरा ताणून बांधायचा. बोट खोल जाऊ लागली की तो दोरा हळूहळू सैल पडून लोंबायला लागतो. पाण्याच्या दाबानं पोलादाचं कवच आत दबतं ते असं डोळ्यांना दिसतं. वर आलो की दोरा पुन्हा ताठ. ही गोष्ट माहीत असली की मुलगा तिथली भिंत वेगळ्या नजरेनं बघतो.

आता युद्धाबद्दल, कारण "हिनं किती जहाजं बुडवली?" हा प्रश्न मुलं विचारतातच. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या वेळी कुरसुरानं कुठलंही जहाज बुडवलं नाही. नोव्हेंबरातच ती अरबी समुद्रात गस्तीला गेली. तिच्यावर दोन बंधनं होती: ठरावीक जलमार्ग ओलांडायचे नाहीत, आणि लक्ष्य नक्की कोण आहे याची खात्री पटल्याशिवाय हल्ला करायचा नाही. म्हणजे दिवसच्या दिवस पेरिस्कोपमधून जहाजं बघायची, ओळखायची, नोंद करायची आणि जाऊ द्यायची. मुलांचा चेहरा पडतो, मला माहीत आहे. पण मी ही गोष्ट गाळत नाही. टॉर्पेडो भरलेले आहेत, समोर जहाज दिसतंय, आणि खात्री नाही म्हणून हात आवरायचा, याला पंचाहत्तर माणसांचा संयम लागतो. ते जहाज एखाद्या तटस्थ देशाचं व्यापारी जहाज असू शकतं. हे नऊ वर्षांच्या मुलाला नीट कळतं, आपण नीट सांगितलं तर.

तुमच्या वडिलांबद्दल. इथे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. कप्प्यांमधली दारं लहान आणि गोलसर आहेत, उंबरा उंच. वाकायचं आणि त्याच वेळी पाय उचलायचा. गुडघा वाकत असेल पण दुखत असेल, तर सावकाश, पकडायला हात देऊन जमतं. माझ्या एका काकांनी काठी बाहेर ठेवून सगळी बोट पाहिली. पण गुडघा वाकतच नसेल, किंवा बंद जागेत त्यांचा जीव घाबरत असेल, तर आग्रह करू नका. मागून गर्दी येत असते आणि मधूनच उलटं फिरणं कठीण जातं. त्यांना बाहेरून सगळी बोट चालत दाखवा. शेपटीचे तीन पंखे आणि नाकाकडचा भाग बाहेरूनच नीट दिसतो. समोर रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे नौदलाचं निवृत्त टेहळणी विमान ठेवलं आहे. पाणबुड्या शोधणारं विमान आणि पाणबुडी समोरासमोर आहेत, हे वडिलांना सांगा, त्यांना मजा वाटेल.

वेळेचं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशीची संध्याकाळ टाळा. त्या गर्दीत थांबताच येत नाही, ढकलले जाता, आणि मग मित्राची वीस मिनिटं खरी होतात. कामाच्या दिवशी उघडल्या उघडल्या जा. वेळा आणि साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशी विचारून घ्या. चपलेऐवजी घट्ट बूट, मोकळे हात, पाठीवर मोठी सॅक नको. आत एक तास धरा. तिथले गाइड बरेचसे नौदलातून निवृत्त झालेले आहेत. दिवसभर तेच आकडे सांगून त्यांचा आवाज एकसुरी होतो, पण त्यांना "साहेब, तुम्ही कुठल्या बोटीवर होता? झोपायचा कुठे?" असं विचारून बघा. माझा अनुभव आहे, माणूस थांबतो, वळतो आणि मग खरं बोलायला लागतो.

मुलासाठी मी एक करतो तेही सांगतो. आत शिरण्याआधी त्याला एक माणूस निवडायला सांगा. आचारी, इंजिनवाला, टॉर्पेडोवाला, कप्तान, कुणीही. मग प्रत्येक कप्प्यात एवढंच विचारत जायचं: तुझा माणूस आत्ता इथे असेल का? असेल तर काय करतोय? नसेल तर कुठे आहे? आचारी निवडलेला मुलगा गॅलीत सगळ्यात जास्त वेळ काढतो आणि पहिल्या कप्प्यात विचारतो की पुढच्या माणसांना जेवण गरम कसं पोचायचं. (हातोहात, त्याच गोल दारांतून.) एवढ्यानं बोट भरते.

मोठ्यांना वाटतं, मुंबईत असं काही का नाही. होतं. १९७१ ला पूर्वेकडे लढलेली विमानवाहू विक्रांत २००१ पासून काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. ती पाण्यातच उभी होती, लोखंड झिजत गेलं, २०१२ मध्ये सुरक्षेसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. कुरसुरा पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावर ठेवली म्हणून टिकली आहे, पण खारा वारा तिलाही सोडत नाही. रंगरंगोटी, गंज काढणं सतत चालतं. तुम्ही जाल तेव्हा एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद असू शकतो.

बाहेर पडल्यावर लगेच भेळेच्या गाडीकडे जाऊ नका. पाच मिनिटं समुद्राकडे तोंड करून उभे राहा. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी याच किनाऱ्यासमोर बुडाली, तिच्यावरच्या नव्वदहून अधिक माणसांसह. ती अजून तिथेच तळाशी आहे. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात त्यांच्या हंगोर पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आत जे बंक, जे ताट, जी गोल दारं तुम्ही पाहून आलात, तशीच गाझीतही होती. मी तिथे उभा राहतो तेव्हा दोन्हीकडच्या माणसांसाठी हात जोडतो. पाणबुडीवाल्याला पाण्याखालचं मरण काय असतं याची कल्पना असते, मग बोट कुणाचीही असो.

जाऊन आलात की मुलानं कुठला माणूस निवडला होता ते इथे कळवा. इंजिनवाला असेल तर त्याचे राहिलेले प्रश्न माझ्याकडे पाठवा, मी एकेकाचं उत्तर देईन.